मुलांचं सगळं खाली

आमच्या हॉलची लांबी तेरा फूट आणि रुंदी अकरा. हे मी अंदाजाने सांगत नाही, टेप लावून सांगते. मी एका सरकारी खात्याच्या नकाशे शाखेत काम करते आणि बाई असले तरी माझं पद ‘ड्राफ्ट्समन’ असंच आहे. एखाद्या दिवशी माझ्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण तीन मीटरची टेप असतेच. त्यामुळे ‘काय करणार, घरात जागाच नाही’ असं कुणी म्हणालं की मला आधी राग येतो आणि मग मी विचारते, मोजलीत का?

हे लिहायला बसले आहे ते त्या तेरा बाय अकराच्या खोलीचे आणि तिच्यात झालेल्या एका चुकीचे उपकार मानायला. चूक माझी होती. ती माझी आहे हे कळायला मला एक अख्खा दिवस आणि सोनागिरीपर्यंतची एक खेप लागली.

घर भोपाळच्या अयोध्या नगरात, तळमजल्यावर. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि मागे धुणं-भांड्यांची जागा. उन्हाळ्यात मात्र घर म्हणजे फक्त हॉल, कारण कूलर हॉलच्या खिडकीत आहे. मे महिन्यात भोपाळमध्ये कूलर सोडून दुसऱ्या खोलीत कोण बसतं? नवऱ्याचे कारखान्यातले मित्र आले की हॉलमध्ये, मी भाजी निवडणार हॉलमध्ये, साडेपाच वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा भांडणार तेही हॉलमध्येच. त्यात गेल्या वर्षी आई आली आणि तिचा पलंगही तिथेच आला.

आई मिरजेची. नगरपालिकेच्या शाळेत तिने तीस-बत्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. बाबा गेल्यानंतर दोन वर्षं ती एकटी राहत होती. होळीच्या आधी न्हाणीत पाय घसरून पडली, मनगट मोडलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं, आणि मला कळवलं तिसऱ्या दिवशी, कारण ‘तिला कशाला उगीच घोर’ म्हणून आईने त्यांना शपथच घातली होती. मी एकुलती एक. रजा टाकून मिरजेला गेले, तिच्याशी दोन दिवस भांडले आणि पुण्यात गाडी बदलून तिला इथे घेऊन आले. स्टेशनचं नाव आता बदललंय, पण आम्ही अजून हबीबगंजच म्हणतो. तिथल्या फलाटावर उतरल्या उतरल्या ती म्हणाली, “प्लास्टर निघेपर्यंत हं.”

तिचं म्हणणं साधं होतं. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून यावं, राहायला येऊ नये. आणि पाहुणी कशी असते ते तिने आम्हाला रोज दाखवलं. तिचा टूथब्रश आमच्या बेसिनवरच्या पेल्यात कधी आला नाही, तो तिच्या बॅगेत परत जायचा. टॉवेल वाळला की घडी करून बॅगेत. सकाळी सहाला गादीवरची चादर, पांघरूण, उशी सगळं गुंडाळून पलंग असा काही मोकळा करून ठेवायची, की रात्री तिथे कुणी झोपलं होतं हे ओळखू येऊ नये. दिवसभर बसायची ती पलंगाच्या कडेवर. टेकून नाही. आणि दर तासाला एकदा तरी म्हणायची, “माझी अडचण होते गं तुम्हाला.”

मला ती राहायला हवी होती. चार दिवस नाही, कायमची. मिरजेच्या घरात ती पुन्हा पडेल आणि मला या वेळी चौथ्या दिवशी कळेल, ही भीती माझ्या पोटात बसली होती. पण आईला ‘राहा’ म्हणून ती राहत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिला पटायला हवं की आपल्यामुळे कुणाचं काही अडत नाही. म्हणजे प्रश्न शेवटी जागेचा होता, आणि जागेच्या प्रश्नांचा तर मी पगार घेते.

प्लास्टर निघालं आणि आठवड्याभरातच धाकट्याचा एक प्लास्टिकचा डायनासोर तिच्या पायाखाली आला. स्वयंपाकघरातून हातात वाटी घेऊन येत होती. सोफ्याच्या हातावर आदळली म्हणून वाचली, पण गुडघा टम्म सुजला. मी भडकले. भडकले की मी आवरायला घेते. घरातली सगळी खेळणी, ठोकळे, भातुकली, गाड्या, दोन पोत्यांत भरली आणि माळ्यावर टाकली. मुलं रडली, मी ऐकलं नाही.

दोन दिवस हॉल अगदी स्वच्छ होता आणि घर अगदी वाईट. तिसऱ्या दिवशी मुलीने मला विचारलं, “मम्मी, आजी गेली की खेळणी वापस मिळणार ना?” भोपाळची मुलं ती, त्यांच्या मराठीत ‘परत’ नसतं, ‘वापस’ असतं. आई तिथेच पलंगाच्या कडेवर बसली होती. मी मुलीवर ओरडणार, तेवढ्यात आई म्हणाली, “ओरडू नकोस. बरोबर विचारतेय ती. खोली तिची आहे.” आणि मग मला म्हणाली, “मे संपला की जाते मी. जावईबापूंना तिकिटाचं बघायला सांग.”

त्या संध्याकाळी मी टेप काढली.

आता आराखडा सांगते, कारण त्याचा मला फार अभिमान होता. आईचा लोखंडी पलंग काढायचा. त्या भिंतीला साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच असा लाकडी दिवाण करायचा. उंची दोन फूट अशासाठी, की गुडघे दुखणाऱ्या माणसाला ठेंगण्या पलंगावरून उठता येत नाही. दिवाणाच्या पोटात आठ कप्पे, त्यांना सरकती दारं, आणि त्यांत मुलांची खेळणी. वरच्या भिंतीवर मोठ्यांची पुस्तकं आणि कपबश्या. जमिनीवर काहीही नाही. खेळायचं तेव्हा एक कप्पा उघडायचा, खेळून झालं की बंद. आईला चालायला मोकळी जमीन, पाहुण्यांना बसायला सोफा, मुलांना खेळणी. खात्यात करते तसा स्केलमध्ये नकाशा काढला. समोरून एक, वरून एक. दारांच्या आडचे कप्पे तुटक रेषांनी दाखवले, कारण जे आत आहे आणि बाहेरून दिसत नाही ते तुटक रेषेत काढायचं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. आणि मिस्त्रींना समजावं म्हणून सूचना हिंदीत लिहिल्या. लग्न होऊन भोपाळला येऊन मला अकरा वर्षं झाली. नवरा मूळचा नागपूरकडच्या घरातला, पण इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. तो ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणाला की मी त्याचं मराठी सुधारते, आणि माझं हिंदी इतकं छान आहे असं शेजारणी म्हणतात. ऐकून मला बरं वाटतं.

सुतारकामाचे मिस्त्री जवळच्याच सोनागिरी वस्तीतले. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. माझ्या नवऱ्याला अस्सल भोपाळी थाटात ‘को खां’ म्हणून हाक मारायचे, मला ‘मॅडम’ आणि आईला ‘अम्मा’. आईला ते फार लागलं. “मला अम्मा म्हणतो, आणि स्वतःची दाढी बघितली का त्याने?” पण दुपारी त्यांना ताक करून द्यायची तीच.

भाग त्यांनी दुकानात कापून आणले आणि दोन दिवसांत घरी जोडले. ते दोन्ही दिवस मी ऑफिसात, नवरा पहिल्या पाळीला. मुलं शेजारी. मिस्त्रींशी बोलायला घरात फक्त आई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले, दार उघडलं आणि पर्स खांद्यावरच राहिली.

दिवाण होता. सुंदर होता. मापात होता. पण त्याच्या पोटात काहीच नव्हतं. कप्पे नाहीत, दारं नाहीत, समोरून सगळा उघडा. साडेसहा फूट लांब आणि तीन फूट खोल अशी एक रिकामी पोकळी. वजन पेलावं म्हणून खालून जाड लोखंडी अँगल टाकलेला, आणि पुढच्या कडा छान गोल करून पॉलिश केलेल्या.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. नवरा नुकताच झोपून उठला होता, तो दारात उभा राहून ऐकत होता. मी आईला म्हटलं, “तू घरात होतीस ना? तुझ्या डोळ्यांसमोर केलंय ना त्याने हे?” आई म्हणाली, “त्याने विचारलं होतं मला. मी म्हटलं, बरोबर आहे.” मग मी ते वाक्य बोलले, जे आजही आठवलं की मान खाली जाते. “तुला हिंदी येत नाही, तर मधे बोलायचंच कशाला?”

आईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग म्हणाली, “माझंच चुकलं गं.”

बस्स, एवढंच. मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. सकाळी मी आंघोळीला गेलेली असताना तिने जावयाला तिकीट काढायला सांगितलं. तो बिचारा काय करणार? सासूबाई प्रथमच काहीतरी मागत होत्या. त्याने मोबाईलवर पंधरा दिवसांनंतरचं तिकीट काढलं आणि मला सांगताना म्हणाला, “आईंनी सांगितलं, मी नाही कसं म्हणू? तूच जाऊन बोल ना त्या मिस्त्रीशी. कप्पे लागले तर त्या थांबतील शायद.”

ऑफिस सुटल्यावर मी तडक सोनागिरीला मिस्त्रींच्या दुकानात गेले. भांडायच्या पूर्ण तयारीने. सगळी हिंदी वाक्यं स्कूटीवरच जुळवली होती. “नक्शा दिया था ना आपको? आठ खाने थे. किसने बोला खाली रखने को?”

मिस्त्रींनी शांतपणे भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवलेल्या कागदांतून माझा कागद काढला, त्यावरचा भुसा फुंकला आणि माझ्यासमोर धरला. “आपने ही लिखा है, मॅडम.”

माझंच अक्षर. वर बाण करून लिहिलं होतं, ‘ऊपर – माताजी का बिस्तर’. आणि त्याच्याखाली, त्या आठ तुटक चौकोनांच्या बरोबर मध्ये, ठळक, ‘बच्चों का सब – खाली’.

मराठीत खाली म्हणजे खाली. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. ‘ऊपर’ मला हिंदीत आठवलं होतं, ‘नीचे’च्या वेळी मात्र हात मिरजेला गेला. अकरा वर्षांत हजार वेळा ‘सीट खाली है क्या’ विचारणारी मी, आणि तरी.

“और ये लाईनें?” मी तुटक रेषांवर बोट ठेवून विचारलं. आवाज एव्हाना पार उतरला होता.

“टूटी लाईन माने नहीं बनाना,” मिस्त्री म्हणाले. “ऊपर से लिखा भी है, खाली. फिर भी अपन ने अम्मा से पूछा. कि अम्मा, बच्चों का ये सब खाली? उन्होंने कागज देखा, बोलीं, हां हां, एकदम खाली.” मग थोडं थांबून म्हणाले, “अपन को तो अच्छा लगा, मॅडम. सोचा, कोई तो समझदार मिला जो बच्चों के लिए जगह छोड़ रहा है. इसीलिए किनारे गोल कर दिए, सिर में न लगे.”

मी ‘समझदार’ म्हणून तिथे उभी होते. कप्पे बसवून द्यायला ते लगेच तयार झाले, पण एका लग्नघराचं काम हातात होतं, दहा दिवसांनी येतो म्हणाले. मी त्यांचे हात जोडून आभार मानले, आणि त्यांना वाटलं असेल बाई भांडायला आली होती ती हात जोडून का चाललीय.

घरी आले. आई नव्या दिवाणाच्या कडेवर बसून मुलीच्या वेण्या घालत होती. मुलगी खेळायला पळाल्यावर मी तिला कागद दाखवला आणि हिंदीतल्या ‘खाली’चा अर्थ सांगितला. ती आधी खूप हसली. “म्हणजे तो म्हणत होता रिकामं, आणि मी म्हणत होते एकदम रिकामं!” हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग मी म्हटलं, “आई, कागदावर माझं अक्षर होतं. तू ते वाचलं होतंस. मग काल का नाही बोललीस, की तूच लिहिलंयस म्हणून?”

“जावयांच्या देखत?” आई म्हणाली.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. चाळिशीची बाई मी. मी म्हटलं, “जाऊ नकोस गं.” तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, “तिकीट काढलंय.” मी म्हटलं, “रद्द होतं तिकीट.” ती म्हणाली, “बघू.”

त्या ‘बघू’वर पंधरा दिवस काढायचे होते. कप्पे नव्हते, त्यामुळे मी खेळणी माळ्यावरून काढून तशीच त्या पोकळीत आत, भिंतीला लावून दोन टोपल्यांत ठेवली. पुढे दोन फूट जागा उरली. पाच मिनिटांत धाकटा आत. दहा मिनिटांत मोठीही आत. तिला मान वाकवून बसावं लागे, आणि तेच तिला आवडलं. तिथून ती दोघं बाहेर येईनात. जमिनीवर ठोकळे नाहीत, सोफ्यात गाड्या नाहीत, डायनासोरांचं अख्खं कुटुंब आत. आईने आपल्या एका जुन्या सुती साडीचा पडदा करून समोर लावून दिला. मग तर ते घरच झालं.

आणि घर झालं म्हटल्यावर वरच्या मजल्यावर कोण राहतं हा प्रश्न आला. वर आजी राहते. खालून फळीवर टकटक झाली की आजीने वरून टकटक करायची. कधी मुलगी पडदा सारून बाहेर यायची, हातात भातुकलीतली वाटी. “वरच्या आजी, थोडी शक्कर द्या ना, मेहमान आलेत.” आई उशाच्या डब्यातून चार फुटाणे काढून द्यायची आणि विचारायची, “किती पाहुणे? आणि शक्कर नाही, साखर. साखर म्हण, मग देते.” तिच्या शाळेतल्या पोरांशी बोलायची ना, तोच आवाज. मला तो आवाज ऐकून कितीतरी वर्षं झाली होती.

नवऱ्याचे मित्र आले तेव्हा मला धास्ती होती. पण सोफ्यावर त्यांचा चहा चालू, खाली पडद्याआड यांचा चहा चालू, आणि वर आई. मधेच पडद्यातून एक छोटा हात बाहेर आला आणि त्यांच्यातल्या एका साहेबांच्या बुटाला डायनासोर टेकवून परत आत गेला. साहेब हसले. आईने हळूच फळीवर दोनदा टिचक्या मारल्या आणि खालचा आवाज बंद झाला. मी सांगून कधी झाला नसता.

मग मी एकदा, कुणी बघत नसताना, पोकळीत डोकं घालून टेप लावली. तीन फूट खोल. माझे आठ कप्पे झाले असते तर प्रत्येक कप्पा तीन फूट खोल झाला असता, आणि तीन वर्षांच्या मुलाचा हात जेमतेम सव्वा फूट पोचतो. मागची सगळी खेळणी मागेच राहिली असती. मोठ्यांच्या सोयीचा नकाशा होता तो, मुलांचा नव्हताच. स्केलमध्ये अगदी बरोबर आणि साफ चुकलेला. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा सांगतेय.

मिस्त्री कप्प्यांचं लाकूड घेऊन आले, त्या दिवशी मुलं दिवाणाच्या आत आडवी होऊन बसली, निघेनात. आई म्हणाली, “रहने दो. ताक पिओ.” मिस्त्री ताक पिऊन, लाकूड घेऊन परत गेले.

तिकीट मात्र तसंच होतं. निघायच्या चार दिवस आधी आई बॅगेची चेन लावत होती. मुलीने पडद्यातून डोकं बाहेर काढून विचारलं, “आजी, तू गेलीस तर वर कोण राहणार?” आईने बॅगेची चेन अर्ध्यावरच सोडली. संध्याकाळी तिने जावयाला विचारलं, “ते तिकीट जरा पुढचं मिळेल का हो?”

पुढचं म्हणजे राखीनंतरचं. मग दिवाळीनंतरचं. आई राहिली, पण अशी, तारखा पुढे ढकलत ढकलत. टूथब्रश अजून बॅगेतच. मी रोज बघत होते आणि रोज गप्प बसत होते, आणि मला ओळखणाऱ्या माणसांना कळेल की हे माझ्यासाठी किती अवघड होतं.

एक गोष्ट तर मला कधीच बदलता आली नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका जावयासमोर पाय पसरून बसत नाहीत, आडव्या होणं तर लांबच. नवरा पहिल्या पाळीवरून अडीचच्या सुमारास घरी यायचा. फाटकाशी त्याची गाडी वाजली, की आई दुपारची झोप टाकून उठायची, पांघरूण गोळा करायची, पदर सारखा करायची, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वयंपाकघरात चहा टाकायला उभी राहायची. “अहो आई, मी करून घेतो ना चहा,” असं तो कितीदा म्हणाला असेल. शेवटी बिचारा गाडी कोपऱ्यावर बंद करून ढकलत आणायला लागला. तरी तिला कळायचंच.

डिसेंबरात एका दुपारी मी ऑफिसात टेबलावर शीट पसरून बसले होते आणि त्याचा फोन आला. अगदी दबक्या आवाजात.

“अगं, मी घरी आलो. आई उठल्याच नाहीत.”

मी खुर्चीतून उठलेच. “उठल्या नाहीत म्हणजे? हलवून बघ. शेजारच्या डॉक्टरांना...”

“नाही गं, तसं नाही. ऐक तर. मी दार उघडलं. छोटा खाली झोपला होता, आई वर झोपल्या होत्या. रजई घेऊन, पाय दरवाज्याकडे. मी थांबलो, म्हटलं आता उठतील. त्यांनी एक डोळा उघडला. म्हणाल्या, आलात का? चहा टाका. माझाही टाका, आलं घालून. आणि भिंतीकडे तोंड करून परत झोपल्या.”

मी परत खुर्चीत बसले. फोनमधून मला स्वयंपाकघरात उकळणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, टाकलाय,” तो म्हणाला. “आलं किती घालायचं?”

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझा चेहरा बघितला आणि खुर्ची माझ्याकडे ओढली. “क्या हुआ? घर पे सब ठीक?”

“हां,” मी डोळे पुसत म्हटलं. “माँ सो रही हैं.”